सव्वापाच किलो भाजीचा अर्ज

पालकहो,

आपली शाळा नव्वद पोरांची आहे असं धरू. साठ पोरं पाचवीपर्यंतची, तीस सहावी ते आठवीची. शालेय पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे खालच्या वर्गातल्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, वरच्या वर्गातल्याला ७५ ग्रॅम. तीन किलो आणि सव्वादोन किलो, मिळून सव्वापाच किलो. दोन-तीन गुंठ्यांत दोडका-घोसाळी लावणाऱ्यालाही हे काही अवघड नाही. तरीसुद्धा आपल्या गावचा दोडका पहाटे टेम्पोत बसून तालुक्याच्या मार्केटला जातो, आणि दुपारी शाळेच्या खिचडीत दुकानातून आलेला, कुठल्या राज्यातला कुणास ठाऊक, बटाटा पडतो.

असं का होतं ते आज तुमच्याशी बोलायचं आहे. ते बदलायला पैसे लागतील, तर ते कुणाकडे, किती आणि कसे मागायचे हेही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, पुढे मुख्याध्यापिका झाले, आता निवृत्त आहे. त्या खुर्चीत बसून जे मोकळेपणी बोलता येत नाही, ते आता बोलून टाकते.

आधी पैशाची वाट समजून घ्या. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी घरी न्यायला तांदूळ मिळायचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेलं गरम जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हापासून चूल पेटली. २०२१ पासून योजनेचं सरकारी नाव पीएम पोषण झालं, पण आपण अजून ‘पोषण आहार’च म्हणतो. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकीच्या खर्चासाठी १ मे २०२५ पासूनचा दर आहे पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. त्यात डाळ आली, तेल आलं, तिखट-मीठ, भाजी आणि सरपण किंवा गॅसही आला. ग्रामीण भागात तांदूळ आणि डाळ-तेल-मसाला पुरवठादार शाळेच्या दारात आणून टाकतो, त्यात शाळेचा हात फारसा चालत नाही. इंधन आणि भाजीपाला मात्र शाळेने स्थानिक पातळीवर घ्यायचा असतो.

म्हणजे हे दार उघडंच आहे. गावातल्या शेतकऱ्याकडून भाजी घ्या, असं कुणी अडवलेलं नाही. मग घोडं अडतं कुठे?

उधारीत. भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या खात्यावर वेळेवर येत नाहीत. कधी दोन महिने, कधी चार. तोवर रोज चूल तर पेटायलाच हवी. मुख्याध्यापक आधी स्वतःच्या पगारातून भागवतात, मग घरून बोलणी खातात, मग गावातल्या दुकानात खातं उघडतात. दुकानदाराला चार महिने थांबणं परवडतं, कारण त्याने ते दरात धरलेलं असतं. शेतकऱ्याला परवडत नाही. त्याला मार्केटला संध्याकाळपर्यंत पट्टी मिळते, पैसे थोडे का असेनात, खिशात येतात. शाळेला भाजी घालून ‘बिल आलं की देतो’ हे ऐकायला तो कशाला येईल? आणि दुकानदार उधारीवर काय देणार? टिकणारा माल. बटाटा, कांदा, फार तर कोबी. तुमच्या मुलाच्या ताटात काय पडणार हे पोषणतज्ज्ञ ठरवत नाही, मुख्याध्यापकही ठरवत नाही. उधारी ठरवते. माझ्या सगळ्या नोकरीत मी हे एकच सत्य शिकले असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून अर्ज करायचा तो भाजीसाठी नाही. अर्ज करायचा तो या मधल्या चार महिन्यांसाठी.

बचत गटातल्या बायकांना हे लगेच कळेल, कारण फिरता निधी म्हणजे काय ते त्यांना शिकवावं लागत नाही. हिशोब असा. शेतकऱ्याशी वर्षभराचा सरसकट तीस रुपये किलो दर ठरवला, तर सव्वापाच किलोचे दिवसाला १५७ रुपये ५० पैसे. महिन्यात चोवीस दिवस शाळा भरली तर ३,७८० रुपये. चार महिने योजनेचे पैसे आलेच नाहीत असं धरलं तरी १५,१२० रुपये. पंधरा हजार! एवढ्या रकमेत नव्वद पोरांची गावातली ताजी भाजी उभी राहते. आणि हे पैसे संपत नाहीत. दर शनिवारी शेतकऱ्याला त्यातून रोख द्यायचे, योजनेचे पैसे आले की तेवढेच परत भरायचे. देणगीदाराला मी नेहमी सांगते, की तुमचे पैसे आम्ही खाणार नाही, फिरवणार आहोत. हे ऐकलं की त्यांच्या कपाळावरची आठी जाते.

तीस रुपये कमी वाटतील किंवा जास्त वाटतील, ते तुमच्या भागावर आहे. पण दर वर्षाचा बांधा. मेथीची जुडी मातीमोल झाली तरी शाळा तीसनेच घेणार, आणि भाव चढले तरी शेतकरी तीसनेच देणार. इथे शेतकऱ्याचा पाय घसरू शकतो, हे खरं आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला होता, तेव्हा तीसने शाळेला कोण देईल? म्हणून भाव उसळणाऱ्या मालावर हा करार करूच नये. भोपळा, दोडका, वाल, पालेभाज्या यांच्यावर करावा. टोमॅटो स्वस्त असेल तेव्हा खुशाल घ्यावा.

आता मागायचं कुणाकडे? एकाच दारात सगळं मागायला गेलं की सगळंच अडकतं. ज्याच्याकडे जे देण्यासारखं आहे ते त्याच्याकडे मागावं.

पहिलं दार शाळेचंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. तुमच्यापैकी कितीजणांना आपण त्या समितीत आहोत हे माहीत आहे? बऱ्याच गावांत सदस्याच्या घरी रजिस्टर सहीसाठी येतं आणि सही घेऊन जातं. ते थांबवा. कारण पुढचं कलम २२ फार कामाचं आहे. समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेला जी अनुदानं द्यायची त्यांचा आधार हा आराखडा असेल, असं त्यात म्हटलं आहे. आराखड्यात पत्रे, रंग, संगणक, सगळं असतं. त्यात ‘आहारासाठी स्थानिक भाजीपाला : पाणी, कुंपण, धुण्याचा ओटा, साठवण, खेळतं भांडवल’ अशी एक ओळ लिहून घ्या. ती ओळ नसेल तर पुढच्या कुठल्याही टेबलावर तुम्हाला विचारतील, की हे आराखड्यात आहे का?

दुसरं दार ग्रामपंचायतीचं. तिच्याकडे रोख भांडवल मागू नका, तिथे ते लेखापरीक्षणात रुततं. तिच्याकडे वस्तू आणि काम मागा. स्वयंपाकघरापर्यंत नळ. हजार लिटरची टाकी. परसबागेला कुंपण, कारण शेळ्यांना शाळेची सुट्टी कळत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत तो मार्चअखेर खुर्च्या, शिलाई यंत्रं किंवा मेळाव्याच्या मंडपात जातो. मंडपाला माझा विरोध नाही, पण मुलं रोज जेवतात आणि मेळावा वर्षातून एकदा असतो, एवढं ग्रामसभेत उठून म्हणायला काय हरकत आहे?

परसबागेसाठी वेगळी सोय आहे. २०१९ साली केंद्राने शाळेतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बियाणं, अवजारं, खत यांसाठी शाळेमागे पाच हजारांच्या आसपास रक्कम धरली जाते. आपल्याकडे परसबागांच्या स्पर्धाही होतात. छान गोष्ट आहे, पण माझं मत स्पष्ट सांगते. शाळेमागच्या अर्ध्या गुंठ्यातून रोज सव्वापाच किलो भाजी निघत नाही, कधीच निघणार नाही. परसबागेतून कढीपत्ता निघतो, कोथिंबीर, शेवगा, अळू, लिंबू, थोडी पालेभाजी निघते, आणि मुलांना बी रुजताना दिसतं. ती शिकण्याची जागा आहे, पुरवठ्याची नाही. अर्जात ‘परसबागेतून शाळेची भाजीची गरज भागेल’ असं लिहिलं, की शेती कळणारा माणूस तिथेच अर्ज बाजूला ठेवतो. शिवाय मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे नावानिशी लिहिल्याशिवाय बागेचा अर्ज करूच नये. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तिथे काटक्या आणि पाटी एवढंच उरलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे.

भांडवलाचे पंधरा हजार मिळतात माजी विद्यार्थ्यांकडून, गावातल्या पतसंस्थेकडून, दूध संस्थेकडून. सहकारी संस्था नफ्यातून धर्मादाय निधी बाजूला काढतात, त्यांच्या वार्षिक सभेच्या आधी पत्र पोचलं पाहिजे. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली गावची मुलं यात्रेला येतात तेव्हा त्यांना शाळेच्या स्वयंपाकघरात घेऊन जा, बाकी काही बोलावं लागत नाही. कंपन्यांचा सीएसआर हा प्रकार निराळा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि भूक-कुपोषण, शिक्षण ही दोन्ही कामं त्या यादीत आहेत. पण पंधरा हजारांचा अर्ज कंपनीला फार लहान पडतो, त्यांचा कागदी खर्चच तेवढा होतो. त्यांच्याकडे जायचं तर आपल्या केंद्रशाळेभोवतीच्या दहा शाळांनी मिळून जा, आणि सीएसआर-१ नोंदणी असलेली एखादी संस्था बरोबर घ्या, कारण बहुतेक कंपन्या तिच्यामार्फतच पैसे देतात. एकट्या शाळेने त्या वाटेला जाऊ नये. दमछाक होते.

वाढदिवस, पुण्यतिथीला शाळेत जेवण देण्याची पद्धत या योजनेत आहेच, तिथीभोजन म्हणतात, आपल्याकडे स्नेहभोजन. त्या दिवशी जिलेबी येते, फोटो निघतात. मी तर म्हणेन, त्या घराला विचारा, की जिलेबीऐवजी आठवडाभराची भाजी तुमच्याच शेतातली देता का? जिलेबीही असू द्या, पोरांचं मन मोडू नका.

आता प्रत्यक्ष कागद. आपले अर्ज कसे असतात ते मला पाठ आहे. ‘उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, ग्रामीण भागातील गोरगरीब विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सढळ हस्ते मदत करावी.’ यात किती मुलं, किती रुपये, कशासाठी, काहीच नाही. वाचणाऱ्याच्या टेबलावर असे वीस कागद असतात आणि वीसही सर्वांगीण विकासासाठीच असतात. त्याऐवजी असं लिहा :

‘आमच्या शाळेत रोज दुपारी नव्वद मुलं जेवतात. त्यांना रोज सव्वापाच किलो भाजी लागते. गावातले चार शेतकरी ती वर्षभर ठरलेल्या दराने द्यायला तयार आहेत, त्यांची पत्रं सोबत जोडली आहेत. योजनेचे पैसे येईपर्यंत त्यांना दर शनिवारी रोख देता यावेत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला पंधरा हजार रुपये खेळतं भांडवल हवं आहे. योजनेची रक्कम आली की हे पैसे पुन्हा भरले जातील. दर तीन महिन्यांनी हिशोब आपल्याला पाठवू.’

झालं. याच्यापुढे फक्त जोडपत्रं. समितीचा ठराव, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, पटसंख्या, शाळेचा यू-डायस क्रमांक, शेतकऱ्यांची पत्रं. त्या पत्रांवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. दोन ओळींची असली तरी चालतील, ‘मी श्रावण ते कार्तिक आठवड्याला दहा किलो दोडका-भोपळा देईन’ एवढंच. शेतकऱ्याच्या हातचं पत्र जोडलेला अर्ज वेगळा दिसतो, कारण त्यात काम आधीच सुरू झालेलं असतं. आणि चार शेतकरी लिहिले आहेत ते मुद्दाम. एकाच्या बोअरचं पाणी गेलं, एकाच्या घरी लग्न निघालं, तरी पोरांचं जेवण थांबता कामा नये.

देणगीचे पैसे समितीच्या खात्यात, योजनेचे योजनेच्या खात्यात. दोन्हींची कधी सरमिसळ नको. शेतकऱ्याकडे छापील बिलबुक नसतं, पण तारीख, माल, वजन, दर, रक्कम आणि सही अशी साधी पावती पुरते. शंभर पानी वहीत कार्बन घालून लिहिली तरी दोन प्रती होतात. वजन मात्र तागडीवर, अंदाजाने नाही. गावात संबंध बिघडतात ते पैशापेक्षा ‘त्याचं जास्त धरलं, माझं कमी धरलं’ यावरून.

एवढं सगळं जुळलं, पैसे आले, शेतकरी आले, आणि तरीही पालेभाजी शिजत नाही, असं होऊ शकतं. का, ते बघायचं तर सकाळी दहा वाजता शाळेच्या स्वयंपाकघरात जा. तिथे एक किंवा दोन ताई असतात. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार. भात चढवायचा, वरण करायचं, भांडी घासायची, वाढायचं. पाच किलो मेथी निवडायला घ्या म्हणजे कळेल. माती झटकायची, पिवळी पानं काढायची, देठ खुडायचे, तीन पाण्यांतून धुवायची, चिरायची. एकट्या बाईचा दीड-दोन तास तिथेच जातो. आणि शिजल्यावर पातेल्याच्या तळाशी एवढीशी होते. ती ताई बटाटा मागते तेव्हा तिला पोरांची काळजी नाही असं म्हणू नका. तिला बारा वाजता घंटा ऐकू येत असते.

म्हणून अर्जात एक मोठं धुण्याचं टाकं, चाळण्या, चांगल्या दोन विळ्या आणि झाकणाचे क्रेट हवेतच. किंमत फार नाही, पण मागायचं कुणाला सुचत नाही. आणि आठवड्यातून एक दिवस पालेभाजीचा ठेवून त्या दिवशी दोन आयांनी आळीपाळीने निवडायला यावं. पैसे कुणी देणार नाही, हे मी आधीच सांगते. पण निवडता निवडता स्वयंपाकघरात काय चाललंय ते दिसतं, तेल कुठलं, पाणी कसलं, चव रजिस्टरवर सही खरोखर चव घेऊन होते की आधीच.

हे बघणं रिकामटेकडं नाही. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन तेवीस मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. आपण शेतातून थेट भाजी आणणार, तर फवारणीचा प्रश्न आपल्याही दारात येतो. शेतकऱ्याशी बोलताना अवघडू नका. फवारणी कधी केली, कशाची केली, औषधाच्या माहितीपत्रकावर काढणीपूर्वी किती दिवस थांबा असं लिहिलंय, हे पावतीवर लिहून घ्या. आणि भाजी कधीही औषधाच्या किंवा खताच्या रिकाम्या गोणीत, डब्यात येता कामा नये. क्रेट मागितले ते यासाठीही. गावचा शेतकरी म्हणजे आपला माणूस, त्याच्या घरातली पोरंही इथेच जेवतात, तो चुकूनही वाईट देणार नाही. चुकून देऊ नये म्हणूनच विचारायचं.

वर्षाचं वेळापत्रक करायला घेतलंत की मजा येते. मार्गशीर्ष-पौषात मेथी, पालक, मुळा, हरभऱ्याचा पाला, गाजर, काय घेऊ नि काय नको. शेवग्याच्या शेंगा उन्हाळा लागता लागता. श्रावण-भाद्रपदात दोडका, घोसाळी, भोपळा, गवार, काकडी. आमच्याकडे अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात रानभाज्या निघतात, आजीला कुठली खायची कुठली नाही ते बरोबर ठाऊक असतं. पण शाळेच्या पातेल्यात रानभाजी रोजची नको, ओळखीची आणि खात्रीची असेल तेव्हाच. अडचण मार्च-एप्रिलची. पाणी आटतं, भाजी महागते. तेव्हासाठी लाल भोपळे आधीच घेऊन ठेवता येतात, ते महिनोन्‌महिने टिकतात. आणि मटकी, चवळी, वाल ही गावातलीच कडधान्यं मोड आणून. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी देशी वाणांची बियाणं राखली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेली बाई वाल-घेवड्याचे किती प्रकार सांभाळते, हे आपल्या मुलांनी पुस्तकात वाचण्यापेक्षा ताटात बघितलेलं बरं.

अंड्याचं काय, असं तुम्ही विचाराल. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे वेगळे पैसे बंद केले, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. मला तो निर्णय पटला नाही, अजूनही पटत नाही. वाढत्या पोरांना अंड्याइतकं स्वस्त आणि पुरतं खाणं दुसरं दाखवा. पण भांडत बसण्याबरोबर एक गोष्ट करता येते. आठवड्याला नव्वद अंडी, म्हणजे वीस-वीस कोंबड्या पाळणाऱ्या तीन-चार घरांचा माल. बचत गटाचं हे काम आहे. फिरत्या निधीतून मात्र अंड्यांना पैसे देऊ नका, कारण ते परत येणार नाहीत. त्यासाठी वेगळी वर्गणी, वेगळी वही. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं.

मला कधी कधी वाटतं, हे सगळं आपण दारोदार का मागायचं? ब्राझीलने २००९ साली कायदाच केला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान तीस टक्के हिस्सा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाला पाहिजे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने शाळांना शेतीमाल जोडून देण्यासाठी स्वतंत्र अनुदान ठेवलं, तिथल्या शाळा, संस्था आणि शेतकरी त्यासाठी अर्ज करतात. आपल्याकडे असा राखीव वाटा नाही. उद्या मागायचा असेल तर ‘आमच्या शाळेत वर्षभर चार शेतकऱ्यांनी भाजी घातली, ही पावत्यांची वही’ असं म्हणून मागितलेलं बरं.

शहरातल्या पालकांना मात्र मी फार काही सांगू शकत नाही. तिथे बऱ्याच शाळांना मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण येतं, शाळेच्या हातात डबा उघडणं एवढंच असतं. तिथली लढाई कंत्राटाच्या अटींची आहे.

आणि आता थोडं घरातलं. ‘आमचा पोरगा दोडका खात नाही हो बाई’ हे मला हजारदा सांगितलंत तुम्ही. शाळेत ओळीत बसून, शेजारचा खातोय म्हणून तोच पोरगा दोडका खातो, मी पाहिलं आहे. मग घरी येऊन सांगतो ‘आज दोडका होता’, आणि तुम्ही म्हणता, ‘ई, दोडका? काहीही करून घालतात.’ संपलं की सगळं! एवढं बोलू नका. दुसरं जरा कडू आहे. काही घरांतून पोराला डबा येतो आणि शाळेतलं खाऊ नको असं बजावलेलं असतं. कारण कधी मसाला असतं, आणि कधी स्वयंपाक करणाऱ्या ताईची जात असतं. मुलाला ते कळतं. ज्या गावाने शाळेसाठी भाजी पिकवायची, त्याच गावाने त्या पातेल्याकडे पाठ फिरवायची, तर कुठल्याच अर्जात त्याला उत्तर नाही. तुम्ही एखाद्या शनिवारी येऊन पोरांच्या ओळीत बसून जेवा. ताईच्या हातचं.

कामाचं बोलायचं तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे. त्याआधी शाळा समितीची बैठक, आराखड्यातली ओळ, चार शेतकऱ्यांची पत्रं. १५ ऑगस्ट हुकला तर २ ऑक्टोबर आहे. विषय तोंडी मांडू नका, लेखी द्या, पोच घ्या. ठराव झाला की त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. एक प्रत शाळेत, एक तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत. सरपंच बदलतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, मुख्याध्यापकांचीही होते. पुढच्या वर्षी टाकी कुठे आहे असं विचारायला पुन्हा तुम्हालाच जावं लागणार आहे.